स्लॉट कारसाठी मोटर आणि गिअर निवडताना

दिवाळीची सुट्टी संपली की घोडेगाव-मंचरपासून जुन्नर-नारायणगावपर्यंतच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची धांदल सुरू होते. आधी तालुक्याचं प्रदर्शन, मग जिल्ह्याचं, आणि फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात भरणारं प्रदर्शन. या मॉडेलांमध्ये पळणारी गाडी हमखास असते. काही मुलांना साधी बॅटरीची गाडी पुरत नाही, त्यांना स्लॉट कार करायची असते. प्लायवर किंवा एमडीएफवर खाच पाडायची, खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी चिकटवायची आणि गाडीखालची पिन खाचेत सोडून, पट्टीतून वीज घेत गाडी पळवायची. घोडेगावहून डिंभ्यावरून भीमाशंकरला चढणारा रस्ताच ट्रॅक म्हणून उभा करायचा, ही कल्पना तर इथल्या मुलांना सुचणारच.

मग मुलं, पालक आणि विज्ञानाचे शिक्षक एकच प्रश्न विचारतात: ‘मोटर कोणती घेऊ?’ दुकानदार सर्वांत जास्त आरपीएमची मोटर काढून देतो. घरी आल्यावर गाडी पहिल्याच वळणावर ट्रॅकबाहेर उडते किंवा चढावर घुरघुरत थांबते आणि मोटर तापते. दोष मोटरला दिला जातो, पण चूक क्रमात झालेली असते. आधी ट्रॅक, मग टायर, मग गिअर आणि सगळ्यांत शेवटी मोटर, या क्रमानं निवड केलीत तर बहुतेक प्रश्न पैसे खर्च होण्याआधीच सुटतात.

आधी ट्रॅक मोजा

तीन गोष्टी कागदावर लिहून काढा:

- सर्वांत लांब सरळ पट्टा किती आहे?
- सर्वांत अवघड चढ किती आहे? (१० सेंमी पुढे गेल्यावर १ सेंमी वर, म्हणजे दहास एक, अशा भाषेत मोजा.)
- वीज किती व्होल्टची देणार आहात?

शाळेतला ट्रॅक बहुधा आठ बाय चारच्या एका शीटवर मावतो. म्हणजे सरळ पट्टा दोन मीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात फार वेगवान मोटरला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. वेग येतो तोवर वळण आलेलं असतं.

घाटाचं मॉडेल करणाऱ्यांची हौस चढाच्या बाबतीत फार असते. खऱ्या घाटरस्त्याचा चढ दिसतो त्यापेक्षा पुष्कळ सौम्य असतो, पण मॉडेलमध्ये तो चारास एकपर्यंत नेला जातो. अशा चढावर बऱ्याचदा मोटरची ताकद संपण्याआधी टायरची पकड संपते आणि चाक जागच्या जागी फिरतं. तिथे मोठी मोटर घालून उपयोग नाही. चढ दहास एकच्या आसपास ठेवा आणि उंची दाखवायची असेल तर वळणं वाढवा. खरा घाटही तसाच चढतो.

गिअरचा हिशेब: एवढं गणित पुरे

मोटरच्या दांड्यावर बसतो तो लहान गिअर म्हणजे पिनियन. चाकांच्या एक्सलवर बसतो तो मोठा. मोठ्याचे दाते भागिले लहानाचे दाते, की झाला रेशो. ८ दात्यांचा पिनियन आणि २४ दात्यांचा मोठा गिअर असेल तर मोटर तीनदा फिरल्यावर चाक एकदा फिरतं. रेशो ३.

रेशो जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि वेग कमी. कांद्यानं भरलेली ट्रॉली चढावर नेताना ट्रॅक्टरवाला कोणता गिअर टाकतो, हे इथल्या मुलांना शिकवावं लागत नाही.

मात्र नुसता रेशो पाहून भागत नाही, टायरचा व्यास त्याच्याबरोबरच पाहावा लागतो. मोटरच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे काढा: टायरचा व्यास गुणिले ३.१४, भागिले रेशो. २० मिमीचा टायर आणि ३ चा रेशो असेल तर उत्तर साधारण २१ मिमी. २४ मिमीचा टायर आणि ३.६ चा रेशो घेतला, तरी उत्तर २१ मिमीच! म्हणजे कोणी ‘माझा गिअर जास्त ओढीचा आहे’ म्हणत मोठे टायर लावले असतील, तर त्यानं एका हातानं घेऊन दुसऱ्या हातानं दिलं.

आता वेग काढू. मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल तर २१ मिमीच्या हिशेबानं गाडी मिनिटाला सुमारे २५० मीटर, म्हणजे ताशी १५ किलोमीटर जाईल. हा कागदावरचा वेग. घर्षण आणि वजन धरलं की तो बराच उतरतो. तरीही दोन मीटरच्या पट्ट्याला तो भरपूर आहे. २०,००० फेऱ्यांची मोटर घेतली तर हाच आकडा ताशी २५ होतो, आणि गाडी ट्रॅकवर कमी, वर्गाच्या फरशीवर जास्त दिसते.

चढाचा हिशेबही सोपा आहे. १०० ग्रॅमची गाडी दहास एकच्या चढावर असेल तर वजनाचा दहावा भाग, म्हणजे १० ग्रॅमची ओढ, तिला मागे खेचते. २० मिमीच्या टायरची त्रिज्या १ सेंमी, म्हणून एक्सलवर १० ग्रॅम-सेंमीचा जोर हवा. ३ चा रेशो असेल तर मोटरवर त्याचा तिसरा हिस्सा, ३.३ ग्रॅम-सेंमी येतो. ५ चा असेल तर फक्त २. यात घर्षण धरलेलं नाही, म्हणून हाताशी दुप्पट जोर असावा. मोटरच्या तक्त्यात ‘टॉर्क’ या रकान्यात हाच आकडा असतो. तिथे ‘स्टॉल टॉर्क’ पाहून खूश होऊ नका. तो मोटर अडकून थांबली असतानाचा जोर आहे, आणि त्या अवस्थेत ती जळते. कामाचा जोर त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा धरावा.

खोडदला जाणारच असाल तर मुलांना तिथला अँटेना याच नजरेनं दाखवा. ४५ मीटर व्यासाची ती अवाढव्य थाळी मोटरच फिरवते. फक्त मधल्या गिअरांनी मोटरचा वेग हजारो पटींनी खाली आणलेला असतो. असे तीस अँटेना त्या परिसरात पसरले आहेत.

कोणत्या ट्रॅकला कोणता रेशो

- सपाट, मोकळा ट्रॅक: ३ ते ३.५. (८:२४, ८:२८)
- वळणावळणाचा, छोटा ट्रॅक: ३.५ ते ४. (१०:३६, ८:३२)
- घाटाचं मॉडेल: ४ ते ५. (८:३२, ८:३६, ८:४०)

यातला मधला आकडा धरून सुरुवात करा. रेशो बदलायचा झाला तर मोठा गिअर न बदलता पिनियन बदला, कारण तो स्वस्त आणि बदलायला सोपा असतो. पिनियनचा एक दात कमी-जास्त केला तरी फरक लगेच जाणवतो, मोठ्या गिअरचा एक दात बदलून फारसं काही होत नाही.

घाटाच्या मॉडेलला मोठ्या रेशोचा आणखी एक फायदा आहे. हातातल्या कंट्रोलरचं बटण सोडल्यावर मोटरची दोन्ही टोकं आपसांत जोडली जातील अशी वायरिंग केली तर मोटरच ब्रेकचं काम करते. रेशो जितका मोठा, तितका हा ब्रेक घट्ट. उतारावर याची गरज पडतेच.

गिअर विकत घेताना

ऑनलाइन किंवा पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत प्लास्टिक गिअरची मिश्र पाकिटं मिळतात. बिघडलेले प्रिंटर आणि मोडकी खेळणी हाही चांगला साठा आहे. पण घेताना तीन गोष्टी तपासा.

दात्यांचं माप एकच हवं. याला मॉड्यूल म्हणतात. पाकिटातले गिअर बहुधा ०.५ मॉड्यूलचे असतात. ओळखायची रीत अशी: गिअरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्याला दाते अधिक दोननं भागा. २८ दात्यांच्या गिअरचा व्यास १५ मिमी भरला तर १५ भागिले ३०, म्हणजे ०.५. प्रिंटरमधल्या गिअरचं माप वेगळं निघालं तर तो कितीही चकचकीत असला तरी बाजूला ठेवा. वेगवेगळ्या मापांचे दाते एकमेकांत बसल्यासारखे वाटतात आणि पाच मिनिटांत सोलून निघतात.

भोक पाहा. पाकिटातल्या गिअरवर किंवा यादीत ‘८२ए’, ‘२८२बी’ असे आकडे असतात. पहिले अंक दात्यांचे, नंतरचा २ म्हणजे २ मिमीचं भोक, ‘ए’ म्हणजे घट्ट आणि ‘बी’ म्हणजे सैल. मोटरच्या २ मिमी दांड्यासाठी ‘ए’ घ्या. ‘बी’ घेऊन फेविक्विकनं चिकटवायचा मोह होतो. एक थेंब आत झिरपला की मोटरचा बेअरिंग गेलाच म्हणून समजा.

मोठा गिअर जमिनीला घासेल का? ही चूक सर्रास होते. ०.५ मॉड्यूलच्या ३६ दात्यांच्या गिअरचा व्यास १९ मिमी असतो. टायर २० मिमीचा असेल तर गिअर आणि ट्रॅक यांच्यात अर्धाच मिलिमीटर उरतो, आणि तांब्याच्या पट्टीचा एखादा सांधा उचकटला की गिअर त्यावर आपटतो. ३६ दात्यांना किमान २३-२४ मिमीचा टायर हवा, ४० दात्यांना २५-२६ चा. २८ दात्यांना २० चा पुरतो.

एक्सल म्हणून सायकलची स्पोक चालते. साधी स्पोक २ मिमीची असते, तरी व्हर्नियरनं मोजून घ्या आणि काचेवर लोळवून सरळ आहे ना ते पाहा. वाकडी स्पोक असेल तर गिअर एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल बसतो आणि दोष मोटरला दिला जातो.

मोटर आडवी की उभी?

मोटर गाडीच्या लांबीत ठेवायची असेल तर एक्सलवर क्राऊन गिअर लागतो. त्याचे दाते बाजूला वळलेले असतात. ही रचना सोपी आहे, मोटरसाठी जागा भरपूर मिळते आणि पहिली गाडी करणाऱ्यांनी हीच निवडावी.

मोटर एक्सलला समांतर ठेवली तर दोन्ही साधे सरळ गिअर चालतात, आवाज कमी होतो, पण जागेचा हिशेब करावा लागतो. दोन गिअरांच्या केंद्रांतलं अंतर म्हणजे दोघांच्या दात्यांची बेरीज गुणिले मॉड्यूल, भागिले दोन. ८ आणि २८ असतील तर ९ मिमी. खेळण्यातल्या १३० मोटरची डबी २० मिमी रुंद आणि १५ मिमी जाड असते. ती पसरट ठेवली तर केंद्रापासून कडेपर्यंतच १० मिमी जातात. ९ मिमीवर एक्सल येणार कुठून? हीच मोटर कडेवर उभी केली तर ७.५ मिमी लागतात आणि एक्सल जेमतेम मावतो. पसरटच ठेवायची असेल तर १० आणि ३६ दाते घ्या, केंद्रांतर ११.५ मिमी होतं. हे गणित चेसिस कापण्याआधी करायचं असतं.

आता मोटर

तुमच्यापुढे साधारण चार पर्याय असतात.

१३० मोटर. खेळण्यांत सर्रास असते, पन्नास रुपयांच्या आत मिळते. स्लॉट कारला योग्य. मात्र डबी सारखीच दिसली तरी आतली गुंडाळी वेगवेगळ्या व्होल्टची असते. मल्टिमीटरनं दोन टोकांतला रोध मोजा. ३ व्होल्टच्या मोटरचा रोध एखाद्या ओहमच्या आसपास येतो, १२ व्होल्टच्या मोटरचा त्याच्या कित्येक पट. एक ओहमच्या मोटरला १२ व्होल्ट दिले आणि ती अडकली, तर बारा अँपिअर ओढू पाहते. मग धूर येतो. शाळेच्या ट्रॅकसाठी ६ व्होल्टची १३० मोटर आणि ६ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर ही जोडी उत्तम.

खास स्लॉट कारची मोटर. १२ व्होल्टची, १८ ते २५ हजार फेऱ्यांची. बाहेरून मागवावी लागते, महाग पडते. घरी मोठा, लांब सरळ पट्ट्याचा ट्रॅक असेल तरच घ्या.

एन-२० गिअर मोटर. बारा मिमी रुंदीची, गिअर आतच बसवलेले, ३ मिमीचा डी आकाराचा दांडा. १००० आरपीएमची घेऊन २४ मिमीचे टायर लावले तर ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढा वेग मिळतो. पाचवी-सहावीच्या मुलांच्या घाट मॉडेलला माझी पहिली पसंती हिलाच. गिअर जुळवण्याची कटकट नाही आणि चढ निमूट चढते.

पिवळी बीओ मोटर. ती शाळेच्या कपाटात आधीपासून असते म्हणून वापरली जाते, एवढंच. आत ४८ पट गिअर असतात. २०० आरपीएम आणि ६५ मिमीचं चाक धरलं तरी ताशी अडीच किलोमीटरच्या आत. रोबोटला ठीक, स्लॉट कारच्या अंगात मावतच नाही.

गिअर मोटर घेताना लक्षात ठेवा की पाकिटावरचा आरपीएम गिअर धरूनचा असतो, तर १३० वर लिहिलेला नुसत्या मोटरचा. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

जोडणी आणि चाचणी

दोन गिअरांमध्ये किती फट हवी, याचं माप म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. कागदाची अरुंद पट्टी दात्यांमध्ये घालून मोटर घट्ट बसवा, मग गिअर हातानं फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात्यांचे ठसे उमटले पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. फाटली तर गिअर फार घट्ट आहेत; ठसे अर्धवट असतील तर सैल.

पिनियन हातोडीनं ठोकू नका. मोटरच्या मागच्या बाजूला दांड्याचं टोक असतं, ते टेकवून शिकंज्यात हळूहळू दाबा. प्लास्टिकचा घट्ट पिनियन काही दिवसांनी तडकतो, तेव्हा प्रत्येक फेऱ्याला ‘टिक’ असा आवाज येतो. दोन पिनियन जादा ठेवाच.

गाडी पाच मिनिटं पळवल्यावर मोटरला बोट लावून पाहा. बोट ठेववत नसेल तर पिनियनचा दात कमी करा किंवा टायर लहान करा. मोठी मोटर हा उपाय नव्हे.

पुढच्या खुणाही ओळखून ठेवा:

- गाडी एका जागीच मंदावते: तिथे तांब्याची पट्टी काळवंडलेली किंवा तुटलेली आहे.
- अ‍ॅडाप्टरपासून दूर गेल्यावर मंदावते: पातळ पट्टीत व्होल्टेज घटतं. जाड वायरीनं ट्रॅकला आणखी दोन-तीन ठिकाणी वीज जोडा.
- सगळीकडेच मंद चालते, मोटरही गार: गाडीखालचे ब्रश पट्टीला नीट टेकत नाहीत. टीव्हीच्या जुन्या केबलमधली जाळी कापून लावा.

बाजारातल्या प्लास्टिक ट्रॅकच्या गाड्यांना खाली चुंबक असतं, ते पाहून तुम्हीही लावाल. त्या ट्रॅकच्या पट्ट्या लोखंडी असतात म्हणून तिथे चुंबक धरतं; तांब्याला ते धरत नाही, नुसतं वजन वाढतं.

भीमाशंकरच्या बाजूला, तळेघरच्या वरच्या गावांत राहणाऱ्यांना एक जादा सूचना. पावसाळ्यात तिथल्या दमट हवेत एमडीएफ फुगतो, खाच आवळते आणि पट्टीवर हिरवट थर चढतो. ट्रॅक ठेवून द्यायचा असेल तर खाचेच्या आतूनही वॉर्निश लावा. पुढच्या वर्षी गाडी अडली तर मोटर उघडण्याआधी खाच मोजा, ती ३ मिमी राहिली आहे का?

लाइट गेली तर मोटारसायकलची बॅटरी जोडण्याची युक्ती सगळ्यांना सुचते. ती १२ व्होल्टची असते हे विसरू नका, आणि शॉर्टसर्किट झालं तर अ‍ॅडाप्टरसारखी बंद पडत नाही, वायर पेटवते. ३ अँपिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय बॅटरी ट्रॅकला लावू नका. घरातली २३० व्होल्टची वीज थेट ट्रॅकपर्यंत आणणं तर कोणत्याही परिस्थितीत नको.

बिल मागा

शंभर-दोनशे रुपयांच्या मालाचं बिल कोण मागतो? तुम्ही मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का बिलावर असला म्हणून सदोष मालावरचा तुमचा हक्क जात नाही. मात्र ३ व्होल्टची मोटर तुम्हीच १२ व्होल्टवर जाळली असेल तर तो दोष मालाचा नाही. म्हणून दुकानात मोटरचा व्होल्ट बिलावर लिहून घ्या, आणि ऑनलाइन मागवलेलं पाकीट उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गाडीऐवजी तयार खेळण्याचा सेट घेणार असाल तर त्यावर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

पहिल्या खेपेला एवढंच आणा: ६ व्होल्टची एक १३० मोटर, ८, ९ आणि १० दात्यांचे घट्ट भोकाचे पिनियन, ३२ दात्यांचा एक क्राऊन गिअर आणि २४ मिमीचे टायर. मॉडेलशेजारच्या तक्त्यावर तिन्ही पिनियनच्या वेळा मांडा. मोटरचं नाव परीक्षकांनी शंभरदा वाचलेलं असतं, पण दाते बदलल्यावर फेरीचा वेळ किती बदलला हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.